सुशीलला एकदा ओरडा

अहो, तुम्हाला इथूनच वाकून नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि नात अक्षया लिहितेय. कागदाचा फोटो तिचा बाबा हरीश पाठवेल.

इथे जपानात, निशी-कसाईत मी मजेत आहे. काल चुकीच्या वारी कचरा ठेवला, तर शेजारीण पिशवी परत घेऊन आली आणि वर तीच चारदा वाकली.

सुदानात आपला सुशीलही सुखरूप आहे. लढाईला दुसरा आठवडा लागला. दाराशी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय सोडायचं नाही, हे माझंच शिकवणं. त्याने आधी एका बाजूच्या सैनिकांना पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांनाही. आता नळ बंद आहेत आणि सगळी गल्ली त्याच्या डिझेल पंपावर पाणी भरते. परवा आपल्या लोकांना तिथून बाहेर काढणारी बस निघतेय, तर हा म्हणतो, "आई, मी गेलो तर पंप कोण चालवणार?"

मी शिकवलेलं मीच कोणत्या तोंडाने मोडू? तुम्ही मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून त्याला पाठवा: पंप शेजाऱ्यांना शिकव आणि बसमध्ये बस. ओरडण्यात तुम्ही कधी कमी पडला नाहीत.

रक्तदाबाची गोळी घेता ना?

खाली माझा अंगठा आहे. ओरडून झालं की लगेच कळवा, मग मी जेवते.