माझीच बरणी, माझीच बोली

आई,

गेल्या रविवारी चर्चमधून घरी आलं ते असं: एक लाल भोपळा, साठ रुपये. सहा पेरू, चाळीस. गावरान अंडी अर्धा डझन, ऐंशी. आणि लिंबाच्या लोणच्याची एक बरणी, सातशे रुपये. ही बरणी सकाळी माझ्याच स्वयंपाकघरातून गेली होती. ह्यांनी पिशवी उघडली, बरणी ओळखली आणि म्हणाले, "अगं, ही तर आपलीच! सातशे? एवढ्यात नवी लिंबं, नवी बरणी आणि वर येता-जाता रिक्षा झाली असती." कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी पाच मिनिटं हुज्जत घालणारी मी, काय सांगणार होते? "देवाला दिले," एवढं म्हटलं आणि भोपळा चिरायला बसले.

कापणीचा सण तुला काय सांगायचा. ज्यानं त्यानं घरचं काही वेदीपुढे आणून ठेवायचं, उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव, आणि पैसा देवाच्या कामाला. बोली पुकारायला आता रेल्वेतून रिटायर झालेले एक काका असतात. मंडळी मराठी, पण बोली आपल्या इंदूरच्या रिवाजानं हिंदीतच. धाकट्या जाऊचा केक आधी निघाला. ती भंवरकुआंला कोचिंगच्या पोरांचे तीस डबे करते, त्यातूनही केक भाजते. साडेसहाशेला गेला. मग काकांनी माझी बरणी उचलली. "बोलो भिया बोलो, निंबू का अचार, दो साल पुराना! जित्ता पुराना, उत्ता सयाना!" शंभर, दीडशे, दोनशे, आणि पुढे सगळे गप्प. जाऊनं हात वर केला, "अडीचशे." तिला माझी दया आली असं मला वाटलं, आणि माझ्याच तोंडून निघालं, "तीनशे."

"अरे, मालकिन खुद बोली लगा री है!" काका ओरडले. सगळे हसले. जाऊही हसली, "साडेतीनशे, ताई." मी चारशे. ती साडेचारशे. माझे कान तापले होते, आई. सातशे म्हटलं तेव्हा तिनं हात जोडले, "घ्या ताई, जिंकलात." केकपेक्षा पन्नास रुपये वर. तेवढ्यासाठीच चाललं होतं सगळं. आणि वर पाळकसाहेब सगळ्यांपुढे म्हणाले, "आपण दिलेलं आपणच विकत घेऊन आमच्या भगिनीनं देवाला दोनदा दिलं." टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, तर लोकांना तीही नम्रताच वाटली.

तिच्या केकवर मी जळते असं नाही. तिच्याकडे आहे काय? भाड्याच्या दोन खोल्या, सदा पिठात माखलेले हात. पण ती डोळे मिटून प्रार्थना करते ना, तेव्हा तिचा चेहरा तुझ्यासारखा होतो. दुसरं काही नकोच आहे, असा. मुलगी मी तुझी, नाक तुझं, गुडघेदुखीसुद्धा तुझी, आणि तो चेहरा मात्र परक्या घरून आलेल्या बाईला मिळाला. मी रोज वचन वाचते, भात टाकण्याआधी तुझ्यासारखी मूठभर तांदूळ देवाच्या डब्यात टाकते, पण मूठ टाकतानाही माझं लक्ष डबा किती भरला याकडे असतं.

हे जळणं आजचं नाही. मी आठ वर्षांची. आपण मिलच्या चाळीत, आणि माझी ती पांढरी कोंबडी, पिल्लू असल्यापासून मी सांभाळलेली. त्याच आठवड्यात तिनं पहिलं अंडं घातलेलं. सणाच्या सकाळी तू तिचे पाय सुतळीनं बांधतेस आणि टोपलीत ठेवतेस. मी म्हणते, "दुसरी दे ना, ती तांबडी." तू म्हणतेस, "नावडतं तर आपण शेजारणीलाही देतो. देवाला आवडतं द्यायचं." लिलावात मिलच्या हेडक्लार्कनं ती घेतली. मी फाटकापर्यंत टोपलीमागे धावले. परत आले तर तू बायकांमध्ये उभी, डोळे मिटलेले, गात होतीस. एकदाही डोळे उघडून माझ्याकडे बघितलं नाहीस. मला तेव्हा कोंबडीपेक्षा देवाचाच राग आला. वाटलं, हिचा लाडका तो आहे, मी नाही.

या रविवारी प्रभुभोजन आहे. मनात कुणाविषयी अढी ठेवून त्या मेजाकडे जायचं नाही, हे तूच शिकवलंस. चार दिवस ती बरणी ओट्यावरून माझ्याकडे बघत होती. झाकण उघडवेना. काल पोळ्या झाल्यावर गॅस बंद केला आणि तिथेच उभ्यानं म्हटलं, "प्रभू, मला फक्त तूच हवास असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, खोटं होईल. पण तसं वाटावं, एवढं तरी मला हवंय. तेवढं दे." दुसरं काही सुचलं नाही. मोठा उजेड वगैरे काही पडला नाही, आई. फक्त पायात बळ आलं. चार दिवस जी पायरी उतरवत नव्हती ती उतरले, पिशवीत बरणी घेऊन भंवरकुआंची बस पकडली.

जाऊ पोळ्या लाटत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, दान वगैरे काही नव्हतं, तुझ्या केकच्या वर जायचं होतं. ती लाटणं न थांबवता म्हणाली, "चारशेलाच कळलं होतं मला. तुमचे कान लाल होतात."

"मग वाढवत का गेलीस?"

"देवाचे पैसे वाढत होते ना, ताई! मी काय नुकसान करू त्याचं?" आणि अशी हसली की मलाही हसू आलं. मग हात पुसून तिनं बरणी उघडली, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "आईंची चव," म्हणाली. तुझ्या शेवटच्या आजारात मी झोपले की दुपारी तीच तुझ्यापाशी बसायची. "त्यांनी मला कोंबडीचं सांगितलं होतं एकदा. म्हणाल्या, त्या दिवशी पोरीकडे बघवेना. बघितलं असतं तर धावत जाऊन परत आणली असती. म्हणून डोळे मिटून गात राहिले, देवालाच धरून ठेवलं."

बसमध्ये मी रडले. आधी तुझ्यासाठी, आणि कृष्णपुऱ्याचा पूल येईस्तोवर पुन्हा जळून. हे तू तिला सांगितलंस. मला नाही.

तरी रविवारी मी मेजाकडे जाणार आहे. हे जळणंही सोबत घेऊनच जाईन, दुसरीकडे कुठे ठेवू? हे पत्र टाकायला पेटी नाही, ते तुझ्या पवित्र शास्त्राच्या पानांत राहील. आणि एक राहिलं. बरणी नेण्याआधी मी त्यातलं वाटीभर काढून फडताळात मागे ठेवलंय. जाऊला सांगितलं नाही.

ते तिला नेऊन देऊ का, आणि कोंबडीचं मला का नाही सांगितलंस, एवढं उलट टपाली कळव.