मधाचा चमचा

१४ तारीख, मंगळवार, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद, आणि फोन न उचलल्याबद्दल पाठीत एक धपाटा. इथे सगळं ठीक आहे. ठीक म्हणायचं असतं म्हणून ठीक. बाबांनी गॅलरीतला नळ स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे आता तो दोन ठिकाणी गळतो. तुझे कुस्तीचे कपडे धुऊन ठेवलेत. बंदी तुझ्यावर आहे, कपड्यांवर नाही ना?

मैत्रिणीकडे राहतेस तर राहा. पण नीट जेव. आता वजन कोण करतंय तुझं?

हे पत्र तुझ्या कुस्तीच्या सरांच्या हाती देतेय. हो, त्याच सरांच्या. तुझ्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं म्हटल्यावर मी आधी त्यांनाच फाडून खाल्लं होतं. भर जिन्यात, सगळ्या बिऱ्हाडांसमोर. "पोरींना इंजेक्शनं टोचून पदकं आणता का?" असंही म्हटलं. बिचारे मान खाली घालून ऐकत राहिले. काल ते परत आले, तर मला दार उघडायचीच लाज वाटली.

म्हणाले, "ताई, हे ताकदीचं औषध नाहीच. अंगातलं पाणी काढतं. वजन झटकन उतरतं, आणि लघवी इतकी पातळ होते की दुसरं काही घेतलं असलं तरी सापडत नाही. म्हणून बंदी."

"पण तिने दुसरं काही घेतलेलंच नाही!"

"ते मला माहीत आहे. त्यांना कसं पटवायचं?"

माझं डोकं गरगरायला लागलं. ताकद देत नाही, तरी गुन्हा. दुसरं काही घेतलं नाही, तरी घेतलं असेल म्हणून गुन्हा. तुला कळतं का हे? मला नाही कळत. मग त्यांनी त्या औषधाचं नाव सांगितलं आणि मी चहा ओतायचं विसरून गेले.

ते गेल्यावर मी खाली औषधवाल्या बाईंकडे गेले. विचारलं, समजा रक्तदाबाची ती बारकी गोळी कुणी तरण्या माणसाने घेतली, तीही अर्धीच, तर? त्या म्हणाल्या, "लघवीला होईल, अंगातले क्षार जातील, पायात गोळे येतील. कुणी घेतली?" म्हटलं, कुणी नाही, असंच. आणि पिशवी तिथेच विसरून घरी आले.

पायात गोळे. दुसऱ्या कुस्तीनंतर तू पोटऱ्या धरून ओरडत होतीस आणि मी तेल चोळत होते. "पाणी पीत नाहीस म्हणून होतं हे," असं वर तुलाच रागावत होते!

आता सांगते. किती वेळ नळाचं नि पिशवीचं लिहीत बसू?

वजनाच्या आदल्या संध्याकाळी तू ते प्लॅस्टिकचं जाकीट घालून जिना चढत-उतरत होतीस. ओठ सोललेले. सकाळपासून थेंब नाही, वर वाटीत थुंकत होतीस, तेवढंच वजन कमी म्हणून. घोटभर पाणी घे म्हटलं तर अंगावर धावून आलीस. मला बघवेना गं. डॉक्टरांनी माझी गोळी सुरू करताना सांगितलं होतं, ही अंगातलं पाणी काढते, सुरुवातीला सारखं जावं लागेल. म्हटलं, माझं काढते तर हिचंही काढेल. दोनदा जाऊन येईल आणि ते मेलं जाकीट उतरवेल. एवढाच माझा विचार. अर्धी गोळी लाटण्याने कुटली, तू लहान असताना कुटायचे तशी, आणि मधात कालवली. "तोंड उघड," म्हटलं. तू उघडलंस.

"कडू लागतंय गं," म्हणालीस.

मी म्हटलं, "मध जुना झालाय."

हे खोटं कशाला बोलले, तेच मला उमगत नाही. औषध आहे म्हणून सांगितलं असतं तर तू थुंकून टाकलं असतंस. म्हणजे मला माहीत होतं का, की हे चालणार नाही? की नुसती तुझ्या ओरडण्याची भीती? कालपासून हाच विचार करतेय. एकदा वाटतं माहीत होतं, एकदा वाटतं नव्हतं.

सर म्हणाले, त्या दिवशी तोंडात गेलेलं सगळं तू त्यांना सांगितलंस, अगदी टूथपेस्टसुद्धा. मी विचारलं, मध? म्हणाले, मधाचं काही बोलली नाही.

विसरलीस, असंच मी धरून चालले होते. मग आठवलं, घर सोडताना तू माझी गोळ्यांची पट्टी स्वयंपाकघरातून आणून माझ्या उशाशी ठेवलीस. म्हणालीस, "आई, ही तुझी आहे. तुझी तूच घे." मला वाटलं, लेक किती काळजी करते!

तुला ठाऊक होतं. आणि तू माझ्याशी भांडलीसुद्धा नाहीस, मुली. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

शुक्रवारी चौकशीला मी येणार आहे. सर म्हणतात, औषध कसं पोटात गेलं ते कळलं तर बंदी कमी होऊ शकते, पण पूर्ण सुटका होईलच असं नाही. खेळाडूच्या तोंडात काय जातं त्याला जबाबदार खेळाडूच. दिलं मी आणि शिक्षा तुला, हे कुठलं डोकं? आणि आईची अब्रू जाऊ नये म्हणून स्वतःची वर्षं घालवायची, हे तुझं तरी कुठलं डोकं? बाबांना सकाळीच सांगितलं. ते उठून नळाशी जाऊन बसले.

तिथे मला काय विचारतील, मी काय बोलेन, काही कळत नाही. पण लाटणं, मध, अर्धी गोळी, सगळं सांगेन. तू मध्ये बोलू नकोस.

आणि एक ऐक. आजवर माझ्या हातचं तू कधी विचारून खाल्लं नाहीस. यापुढे मी चमचा पुढे केला की तोंड मिटून घे आणि आधी विचार, काय आहे म्हणून. मला वाईट वाटेल. वाटू दे.

मध जुना नव्हता, ठमे.

तुझी,
आई