ताईच्या नावावरचा पगार

४ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. पाठ बरी आहे, म्हणजे होती तशीच आहे.

काल एक गंमत झाली. कुठल्याशा लाँड्रीकडून पगाराचा वार्षिक फॉर्म माझ्या नावाने आला. मी म्हणे वर्षभर त्यांच्याकडे चादरींना इस्त्री केली. नर्सताईंना दाखवला, तर म्हणाल्या, अंथरुणातून न उठता हे जमत असेल तर मलाही शिकवा. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आज भत्त्याच्या ऑफिसचं पत्र आलं आणि हसू मावळलं. कमावत्या माणसाला आजारपणाचा भत्ता मिळत नाही, महिनाअखेरपर्यंत खुलासा करा, असं लिहिलंय. तो बंद झाला तर नर्स बंद. मग मला कुशीवर कोण वळवणार? मागच्या वेळी दोन दिवसांच्या खंडानेसुद्धा पाठीला जखम झाली होती.

तूही कुठल्या लाँड्रीत आहेस ना? ही तीच तर नव्हे? रागावले नाही, पण खरं काय ते लगेच कळव.

तुझी ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीच लाँड्री. चूक माझी. कामाचा पहिला दिवस होता, फॉर्म उभ्या उभ्या भरायला लावला. तू आजारी पडल्यापासून तुझे सगळे कागद मीच भरत आले. माझा करक्रमांक मला आजही बघून लिहावा लागतो, तुझा हातात बसलाय. मनात दुसरेच विचार चालू होते आणि हाताने तुझा लिहिला. पगाराच्या फॉर्मवर नाव क्रमांकावरून आपोआप येतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मॅनेजरबाई म्हणाल्या, त्यात काय एवढं, दुरुस्ती अर्जावर तुझा क्रमांक लिही आणि सही कर. पण दुरुस्त फॉर्म करखात्यात नोंदवलेल्या पत्त्यावर जातो. तो पत्ता नवऱ्याच्या घराचा, जिथून मी पळून आले. वर लाँड्रीचं नाव ठळक छापलेलं. आधी पत्ता बदलून घ्यावा म्हणून खिडकीवर विचारलं, तर बदलाची सूचना जुन्या पत्त्यावरही पाठवतात म्हणे. नियम आहे. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, पण कारण काय सांगणार त्याला? उजव्या बाजूने मला अजून चावता येत नाही, हे?

तू मात्र ऑफिसला लाँड्रीची चूक झाली, एवढंच कळव. बाकी मी बघते. इस्त्रीखात्यातली एक मैत्रीण आहे, तिच्या ओळखीने दुसरीकडे काम शोधतेय. जेवण वेळेवर घे. लोभ आहेच, काळजी करणं मात्र कमी कर.

तुझी बारकी


१२ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद.

सही करू नकोस. पगार माझाच आहे, असं मी लिहून दिलं.

चौकशीला एक तरुण साहेब घरी आले होते. त्यांनी पलंग पाहिला, बेडपॅन पाहिलं, आणि विचारलं की आजी, इस्त्री कशी करता. बावन्न वर्षांची मी, आजी म्हणाले. म्हटलं, बसून करते. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं आणि तसंच लिहून घेतलं.

नर्सताई महिनाअखेरपर्यंत येतील. पुढे शेजारची मुलगी जमेल तेव्हा वळवेल. तू तुझा जबडा सांभाळ. तो तुला घरी परत आणायला निघाला की काय करतो, ते मी एकदा पाहिलंय. धाकटी आहेस, एकदा तरी ऐक.

ताई


१३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सही केली. तुझ्या पत्राची वाट पाहिली नाही, कारण त्यात काय असणार ते माहीत होतं. दुरुस्त फॉर्म सोमवारी निघेल. तोवर मी ही खोली सोडलेली असेन. कुठे जाते ते मैत्रिणीलाच माहीत. तुझा भत्ता आता चालू राहील. कुठेतरी टेकले की लिहीन.

माया असू दे, रागासकट.

तुझी बारकी


१२ मे

बारके,

हे पत्र नर्सताई तुझ्या मैत्रिणीच्या हातात देतील. त्या आता नोकरी म्हणून येत नाहीत, आज भेटायला म्हणून आल्या.

ऑफिसात माझा जबाब आणि तुझा दुरुस्ती अर्ज एकाच फायलीत लागले. खोटा जबाब दिला म्हणून भत्ता कायमचा बंद. त्या साहेबांचा नाइलाज झाला.

तो इथे आलाय. फॉर्म घेऊन आधी लाँड्रीत गेला, तू तिथे नव्हतीस, मग माझ्याकडे. पाणी मागितलं, फॉर्मवरचा आकडा मला वाचून दाखवला, म्हणाला, चांगलं कमावते की, घरी कळवलंही नाही. तुझा पत्ता विचारला. मला माहीत नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं.

तो परत गेला नाही. शेजारच्या मुलीला त्याने उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आता सकाळ-संध्याकाळ मला तोच कुशीवर वळवतो. अगदी हलक्या हाताने. जखम झालेली नाही. पोस्टमन आला की दारही तोच उघडतो.

तेव्हा टेकलीस तरी लिहू नकोस. आशीर्वाद आहेत, ते पत्रावाचून पोचतील.

ताई