हाटपिपल्याच्या फाटकाचा छल्ला

मी, यशवंतराव कृष्णाजी दळवी, वय सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी टर्नर, राहणार देवास, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. अक्षर हलते आहे ते वयाने. याआधी मृत्युपत्र केले नाही. केले असते तर त्यात खोटेच लिहिले असते.

कलम १. राहते घर, गच्चीसह, माझी सून अवंती योगेंद्र दळवी हिला. विनाअट. अंगणातले सीताफळ माझ्या कै. पत्नीने, सुमंगलाने लावलेले. तोडायचे तर तोडावे.

कलम २. माझे शाळेतले कवितेचे पुस्तक नात वेदिका हिला. पाने सुटली आहेत, क्रम तिने लावावा. या घरात मराठी नीट वाचणारी आता ती एकटीच. तिचा भाऊ अक्षत हिंदी शाळेत शिकला. अक्षरे त्याच्या ओळखीची, वाक्य परके. आमच्या मराठी शाळेत मास्तर कविता म्हणू लागले की बाहेर रस्त्यावर टांगा थांबायचा. टांगेवाला थांबायचा की घोडा, देव जाणे. त्या खिडकीपाशी मी अजून बसलेलो असतो. माझ्या हातून जे झाले ते तिथे बसल्यामुळेच झाले.

कलम ३. माझा मायक्रोमीटर चुलतभाऊ उदाजीराव याच्याकडे १९९८ पासून आहे. "उद्या आणून देतो" म्हणाला होता. आता राहू दे त्याच्याकडे. मला मापांचा वीट आला आहे.

कलम ४. वर्कशॉप, लेथ आणि दोन्ही ग्राइंडर नातू अक्षत यास, पण अटीवर. लेथमागच्या भिंतीवर मी रंगवलेल्या ओळी आहेत. कारागीर हसायचे, पण पाठ करायचे:

चकतीवरचा आकडा वाचावा,
मशीनवरचा मग तपासावा;
चकतीचा तो कमी न भरावा,
तरच बटणाला हात लावावा.

चकती म्हणजे ग्राइंडरचे कापणारे चाक, आकडा म्हणजे मिनिटाला किती फेरे. मशीन जितक्या वेगाने फिरते तितका वेग चकतीला सोसत नसेल, तर ती फुटते. हे मला माझ्या नावाइतके पाठ होते.

कलम ५. चार वर्षांपूर्वी माझा मुलगा योगेंद्र हाटपिपल्याला एका फाटकाचे काम करत होता. सात इंची ग्राइंडर दुरुस्तीला गेलेला. सकाळी वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाला, "दादा, चार इंचीवरच सात इंची चकती चढवतो. फक्त भोक मोठं पडतंय. मधे एक छल्ला बनवून द्या ना."

"गार्ड बसणार नाही रे."

"काढून टाकू. चारच तर कट मारायचेत, दादा. पार्टी डोक्यावर बसलीय."

मी छल्ला केला. करताना शाळेतली कविता गुणगुणत होतो. माझ्या स्वतःच्या ओळी पाठीमागे भिंतीवर होत्या. छल्ला असा बसला की मधे कागद सरकेना. "वाह दादा, क्या फिटिंग है!" योगेंद्र म्हणाला. मी खूश झालो. हे एक वाक्य लिहायला चार वर्षे लागली. मी खूश झालो.

भोक जुळले म्हणजे वेग जुळत नाही. मशीन अकरा हजार फेऱ्यांची, चकती साडेआठ हजारांची. तिसऱ्या कटला फुटली. तुकडा गळ्यात गेला. उडणारे तुकडे अडवणारा गार्ड माझ्या टेबलावर पडलेला होता.

पंचनाम्याच्या आधी मी तिथे पोचलो. सगळे योगेंद्रजवळ होते. मी मशीनजवळ गेलो, छल्ला काढला आणि खिशात टाकला. कोणीतरी म्हणाले, "चकतीच खराब निघाली." मी मान हलवली.

चकती राजवीर सोलंकी यांच्या दुकानातली. सुमंगला त्यांच्या पायरीवर उभी राहून त्यांना शाप देऊन आली. गिऱ्हाईक तुटले, दुकान बंद पडले. सुमंगला त्याच रागात गेली. मी तिच्या उशाशी होतो. तेव्हाही बोललो नाही.

चकतीत काही दोष नव्हता. राजवीरचा काही दोष नव्हता.

कलम ६. गेल्या सोमवारी अक्षत म्हणाला, "आजोबा, पप्पांना दिलेला, त्यांनी मला दाखवला होता, तसला छल्ला मला पण बनवून द्या ना. चकती मी कंपनीची आणतो, राजवीरवाला कचरा नाही."

"नाही."

"पण क्यों?"

मी लेथ पुसू लागलो. "रहने दो," तो म्हणाला, "धारला एक लेथवाला भिया आहे, तो बनवून देईल."

म्हणजे माझे खोटे अजून पुरते संपलेले नाही, त्याला दुसरा जीव हवा आहे. म्हणून अट: चार इंचीवर चार इंचीच चकती. गार्ड काढायचा नाही, चार कटांसाठीही नाही, एका कटासाठीही नाही. लाकूड कापायचे दातेरी पाते या मशीनवर कधीच नाही. आटे जुळत नसतील तर वायर ब्रश घरी केलेल्या जोडावर चढवायचा नाही. ज्याने मशीन बनवली त्याने दिला नाही तो जोड, मग तो कितीही सुंदर बसो, फेकून द्यायचा.

कलम ७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. मला मरायला उशीर झाला, तर अक्षत आधी जाईल. म्हणून हे आजच, माझ्यासमोर, वेदिकाने मोठ्याने वाचावे. क्षमेसाठी लिहिलेले नाही. ती मागण्याचे तोंड मला नाही.

वाचन झाल्यावर लिहिले ते असे:

वेदिका कलम ५ पाशी थांबली. मग पुढे वाचले. साक्षीसाठी बोलावलेल्या राजवीरना तिनेच हिंदीत सांगितले.

अवंती म्हणाली, "मामंजी, चार वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात." आणि आत गेली.

मी छल्ला टेबलावर ठेवला. अक्षतने तो बोटाने फिरवून पाहिला. मग खिशातून दुसरा काढून शेजारी ठेवला. नवा होता, धारहून आलेला. माझ्याइतका नेमका नव्हता, पण बसला असता.

साक्षीदार १: उदाजीराव दळवी. सही. (मायक्रोमीटर आणला आहे.)

साक्षीदार २: राजवीर सोलंकी. यांनी पेन हातात घेतले, झाकण काढले, परत लावले आणि निघून गेले. दुसऱ्या सहीवाचून हा कागद कच्चा आहे, हे मला ठाऊक आहे. ही जागा मोकळी ठेवावी. दुसऱ्या कोणाची सही इथे घेऊ नये.

य. कृ. दळवी
देवास, १४ फेब्रुवारी २०२५