साडूला दाखवायची चाकं

१४ मार्च, गुरुवार. तिसरा रोजा.
अपमानाला अकरा महिने होत आले. बडरुल माझा साडू, हायातीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सासूबाईंच्याच गावात, क्वाला कांगसारला, फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. गेल्या ईदेला सासूबाईंच्या अंगणात, तीस-चाळीस नातेवाइकांसमोर, माझ्या नव्या एसयूव्हीभोवती चक्कर मारून, चाकांकडे बोट दाखवत म्हणाला, दादा, अंगात एवढा भारी सूट आणि पायात संडासातल्या सपाता? सगळे हसले. सासूबाई खांब धरून हसल्या. हायातीने तोंडावर पदर घेतला, पण तिचे खांदे हलत होते, मी पाहिलं. बडरुलच्या स्वतःच्या व्हॅनच्या चाकांना झाकणंसुद्धा नाहीत.
संकल्प: या ईदेला त्याच अंगणात वीस इंची अलॉय चाकं. काळी, कडेला सोनेरी. त्याचं तोंड एवढंसं झालं की मगच ईदेच्या मटणाला, रेंदांगला, हात लावीन.
ही वही सेफ्टी मॅन्युअलच्या मागे ठेवणार. तिथे कुणी हात घालत नाही.

१६ मार्च, शनिवार
दुपारी असरच्या नमाजानंतर मशिदीतल्या उस्तादांना गाठून, मित्राचा प्रश्न म्हणून विचारलं की एखाद्याचं नाक कापायचा बेत मनात असेल तर रोजा तुटतो का. ते म्हणाले, तुटत नाही, पण मित्राला सांगा, पोट रिकामं राहील, एवढंच पदरात पडेल.
म्हणजे परवानगी आहे.

१७ मार्च, रविवार
मिस्टर खू यांचं चाकांचं दुकान. साठीचा माणूस, गंजीफ्रॉक, गळ्यात चष्मा. मी सांगितलं की एकोणीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, तेव्हा मला सुरक्षितता शिकवायच्या फंदात पडू नका. तरी शिकवलंच. म्हणाला, बॉस, आधी रंग नाही बघायचा, आधी आत बघायचं. चाक उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो: हे एक चाक किती किलो पेलेल. तुझी गाडी, सात माणसं, सामान मिळून अडीच टन, म्हणजे खड्ड्यांचे धक्के धरून प्रत्येक चाकाला आठशे तरी हवेत. मधलं भोक गाडीच्या हबवर, आसाच्या टोकावर, घट्ट बसायला हवं. ढिलं असेल तर हलणार आणि बोल्टांवर ताण येणार. मग अठरा इंची राखाडी रंगाची चाकं पुढे केली. सरकारी कचेरीच्या भिंतीचा रंग.
मी काळ्या-सोनेरीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ती हलक्या गाडीची, पाचशे साठ किलो. विकत घे, हॉलमध्ये टांग. पण तुझ्या सासूला त्याच्यावर बसवणार असशील तर मी विकत नाही.
गिऱ्हाइकाला हाकलणारा दुकानदार पहिल्यांदा पाहिला. बदल्याच्या यादीत दुसरा नंबर: खू.

२१ मार्च, गुरुवार
सासूबाई आल्या. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. ईदेपर्यंत आमच्याकडे शाह आलमला राहतील, मग मीच त्यांना गावी पोहोचवायचं. खांब धरून हसलेली बाई माझ्याच गाडीतून, माझ्याच नव्या चाकांवर, त्याच अंगणात उतरणार. नव्या डोळ्याने बडरुलचं तोंड बघणार. अल्ला माझ्या बाजूने आहे.

२५ मार्च, सोमवार
ऑनलाइन सापडली. काळी-सोनेरी, वीस इंची, ओरिजिनलसारखी. खूच्या निम्म्या किमतीत. आतला आकडा किती, असं विक्रेत्याला विचारलं. त्याने अंगठा पाठवला. आत्मविश्वास असलेला माणूस आहे.

३० मार्च, शनिवार
चाकं बसवली. बसवणारा म्हणाला, भोक जरा मोठं आहे. मी म्हटलं, हवा खेळती राहील.
आतून टॉर्च मारून पाहिलं. आकडा नाही. कुठेच नाही. खूच्या दुकानात प्रत्येक चाकाला मर्यादा लिहिलेली होती. याला मर्यादाच नाही.
नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. गाडीतली ताकद हाताला जाणवते.

१ एप्रिल, सोमवार
कारखान्यात फोर्कलिफ्टवाल्या मुनियांडीला लेखी ताकीद दिली. ज्या पट्ट्याने माल उचलत होता, त्यावर वजनाची चिठ्ठी नव्हती. वीस मिनिटं झापलं: आकडा नाही म्हणजे वस्तू नाही, आकडा नाही म्हणजे मरण. सही करून तो निघाला, आणि दुपारी पार्किंगमध्ये माझ्या चाकापाशी उकिडवा बसलेला दिसला. म्हणाला, साहेब, याचा आकडा कुठंय?
यादीत तिसरा: मुनियांडी.

३ एप्रिल, बुधवार
सोसायटीच्या गतिरोधकावर हायातीचं डोकं छताला लागलं. टायर पातळ आहेत, ते मान्य. पण दिसतात कसे, ते कुणी बघत नाही.

५ एप्रिल, शुक्रवार
हायातीने मुनियांडीच्या बायकोशी बाजारात गप्पा मारल्या. घरी येऊन म्हणाली, अहो, आईला यात न्यायचं असेल तर आधी मला तो आकडा दाखवा. नाहीतर आम्ही दोघी बसने जातो. ईदेच्या आधी तीन दिवस बसची तिकिटं मिळत नाहीत, हे तिलाही माहीत आहे. तरीही म्हणाली.
विचार केला. अनुभवी माणसाला चाक बघूनच कळतं. कारखान्यातून चंदेरी मार्कर आणला आणि चारही चाकांच्या आत, अंदाजाने पण जबाबदारीने, ९०० किलो लिहिलं. अक्षर सुबक आलं. हायातीने टॉर्च मारला, वाचलं, आणि म्हणाली, मग आधीच नाही का दाखवायचं? मी उगाच भांडले.
तिने माझी माफी मागितली. जरा कसंतरी झालं. रोज्याचा अशक्तपणा असणार.

८ एप्रिल, सोमवार. दुपारी ३.२०. महामार्ग, तापाहच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला.
पुढचं डावं चाक गेलं. जुनी चाकं आणि स्टेपनी घरीच, सामानाला जागा हवी म्हणून. खड्डा मोठा नव्हता. काडकन आवाज झाला आणि स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं. ईदेच्या गर्दीमुळे वेग कमी होता म्हणून वाचलो. एक लॉरी भोंगा वाजवत अगदी अंगाला चाटून गेली. सासूबाईंनी मागून माझा खांदा धरला होता. त्यांचा ऑपरेशननंतरचा काळा चष्मा कुठेतरी पडला. मी घाबरलो. हे लिहितो, कारण कुणी वाचणार नाही.
हायातीने बडरुलला फोन लावला. मी नको नको म्हणेपर्यंत तो निघालासुद्धा.

संध्याकाळी ६.४५. तिथेच.
बडरुल आला. व्हॅनमधले गॅसचे सिलिंडर दुकानात उतरवून आला होता, म्हणून उशीर, असं म्हणाला. पहिल्यांदा सासूबाईंचा डोळा बघितला. मग चाकापाशी वाकला. तडा मधल्या भागापासून कडेपर्यंत गेला होता. त्याने आतला आकडा वाचला, अंगठ्याने घासला. अंगठा चंदेरी झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तापाह किती किलोमीटर आहे, ती पाटी वाचत होतो.
अंगठा पँटला पुसला आणि सासूबाईंना म्हणाला, रस्ताच भिकार आहे, आई. दादा काय करणार?
दोघींना घेऊन गेला. रोजा सोडायला माझ्याकडे पाण्याची बाटली आणि स्वतःच्या डब्यातले सहा खजूर ठेवून गेला.
साऱ्या खानदानासमोर मला उघडं पाडायची आयती संधी होती. घेतली नाही. काहीतरी मोठा डाव दिसतोय.

९ एप्रिल, मंगळवार
सकाळी दहाला टोइंगच्या लॉरीतून अंगणात पोहोचलो. केतुपतच्या भातासाठी नारळाच्या पातींच्या पुड्या विणणारे सगळे उठून बाहेर आले. वरच्या फळीवर गाडी, काळी-सोनेरी चाकं सर्वांना दिसतील अशा उंचीवर. एवढं मात्र ठरवल्याप्रमाणे झालं.
कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१० एप्रिल, बुधवार. ईद.
नमाजानंतर माफी मागायची वेळ. धाकट्यांनी थोरल्यांची मागायची. बडरुल माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, हात हातात घेऊन कपाळाला लावला. म्हणाला, दादा, कळत-नकळत काही चुकलं असेल तर पदरात घ्या.
बारा महिने याच क्षणाची वाट बघत होतो. मी म्हटलं, गेल्या वर्षीच्या सपातांचं काय? त्याला आठवेना. सांगावं लागलं: सूट, संडास, सगळं. तो ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू खुलला. म्हणाला, असं म्हणालो मी? छान म्हणालो की.
मग सासूबाईंसमोर मी बसलो. नुसतं "माफ करा" म्हणून उठायचं ठरवलं होतं. त्यांनी हात सोडला नाही, तपासून बघावं तसं माझ्याकडे बघत राहिल्या. नवा डोळा वाईट असतो. मी मार्करचं सांगून टाकलं. हळूच सांगितलं, पण पाठीमागे रांगेत हायाती होती.
सासूबाईंनी माझा हात सोडला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, माफ केलं, बाळा. मनापासून केलं. पण डोळ्याच्या तपासणीला मी बडरुलबरोबर जाईन.

१६ एप्रिल, मंगळवार. परतीचा प्रवास, दुपारचा थांबा.
बडरुलने इपोहच्या मित्राकडून माझ्याच मॉडेलच्या गाडीची कंपनीची जुनी चाकं आणून दिली. सतरा इंची. बसवण्याआधी मी प्रत्येक चाक उलटं करून आकडा वाचला, बोट फिरवून बघितलं. कोरलेला आहे, निघत नाही. मधलं भोक घट्ट बसतं. एकशे दहाला स्टिअरिंगवर चहाचा कप ठेवावा इतकं शांत.
सासूबाई डोळ्याच्या तपासणीसाठी सकाळीच बडरुलच्या व्हॅनमधून पुढे गेल्या. डोळ्यात थेंब घालायला कुणीतरी हवं, म्हणून हायातीही त्यांच्याबरोबर गेली. पुढच्या एकाच सीटवर तिघं दाटीवाटीने बसले होते. मी म्हटलं, थेंब माझ्या गाडीतही घालता येतील, मागे पाच जागा आहेत. हायाती म्हणाली, माहीत आहे.
चार चाकं मिळून आता साडेतीन टन आरामात पेलतात. गाडीत मी आहे, ब्याऐंशी किलो. इतका सुरक्षित प्रवास मी आजवर केलेला नाही.