दोन खोकले म्हणजे हिरवा

३ मार्च, सोमवार

गुरुवारी प्रॅक्टिकलची परीक्षा. बाहेरून परीक्षक बाई येणार. कडक आहेत म्हणे.

इथे लिहायला हरकत नाही— मला हिरवा आणि गुलाबी एकच दिसतात. दोन्ही राखाडी. निळा तेवढा नीट दिसतो. आणि मी शिकवतो काय, तर रसायनशास्त्र! कोबाल्ट नायट्रेट गुलाबी असतं, हे बावीस वर्षं सांगतोय. ऐकीव माहिती आहे.

प्रयोग तसा साधा. कोळशाच्या खळग्यात क्षार तापवायचा. पांढरी राख उरली की तिच्यावर कोबाल्ट नायट्रेटचे दोन थेंब टाकून परत तापवायचं. नायट्रेट उडून जातं, कोबाल्ट राखेतल्या धातूला धरतो आणि रंग येतो. निळा आला तर ॲल्युमिनियम, हिरवा आला तर झिंक, गुलाबी आला तर मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमवाल्या मुलांवर माझा जरा जास्तच जीव.

बाकीचं मावशी बघतात— आमच्या प्रयोगशाळेच्या मदतनीस. पहिल्याच वर्षी त्यांनी मला पकडलं, पण कुणाजवळ बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझ्यामागे उभ्या राहतात. एकदा खोकल्या की गुलाबी, दोनदा खोकल्या की हिरवा. आजवर कुणाचा अर्धा मार्क चुकलेला नाही.

४ मार्च

मावशींना खरा खोकला झालाय!

थांबतच नाही. गोळ्या आणून दिल्या, परवापर्यंत बऱ्या व्हा म्हटलं. "खोकला काय माझ्या हातात आहे का, सर?" वर म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी रिटायर होतेय, लक्षात आहे ना?" हे आत्ता कुठे मध्येच काढलं!

५ मार्च

खोकला तसाच. दुसरी खूण ठरवू म्हटलं— स्टूल सरकवा, बांगड्या वाजवा. "या वयात मला नाही जमायचं ते नवीन." डबा खाताना मात्र एकदाही खोकल्या नाहीत. गोळी लागू पडत असावी. थोडी आशा आहे.

घाबरण्याच्या नादात कोबाल्ट नायट्रेटच्या बाटलीचं झाकण उघडंच राहिलं. हवेतलं पाणी पिऊन खडे ओलेचिंब. मावशींनी बाटली बघितली, मग मला बघितलं आणि नुसती मान हलवली.

६ मार्च, सकाळी

तपकिरी पँट घातली. ही म्हणाली, "अहो, हिरवी आहे ती. लक्ष कुठे असतं तुमचं?" हिच्या लेखी मी वेंधळा. तेच बरं.

संध्याकाळी

क्षारांच्या पुड्या बाईंनीच बांधून आणलेल्या, त्यामुळे कुणाला काय दिलंय ते मला ठाऊक नाही. चौथ्या टेबलावरच्या मुलीने 'हिरवा' लिहून खोडलं होतं, 'गुलाबी' लिहून खोडलं होतं, परत 'हिरवा' लिहिलं होतं. नापास झाली तर तिचं वर्ष जाणार.

"रंग सांगा सर, मी मार्क भरते," बाई म्हणाल्या.

मागून खोकला आला. एक— बरं, गुलाबी. दोन— मग हिरवा. तीन. चार. मी अकरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

'गुलाबी' ओठांवर आलंच होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले. मला नाही राहवलं. म्हटलं, "बाई, मला रंग दिसत नाहीत. तुम्हीच बघा."

बाईंनी बघितलं. "हिरवा आहे. पूर्ण मार्क." मग माझ्याकडे वळून, "पुढच्या वेळी जोडीला कुणीतरी मागून घ्या. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! बावीस वर्षं मी याला भीत होतो. घरी हिलाही सांगून टाकलं. ही लगेच माझ्या सगळ्या पँटना चिठ्ठ्या लावत बसली.

७ मार्च

मावशींची विचारपूस करायला गेलो. खडखडीत बऱ्या. "मला खोकला झालाच कुठे होता, सर? पण मी गेल्यावर तुमच्यासाठी कोण खोकणार होतं?"