सोबत आलेल्यांनी बाहेर थांबावे

सोमवार, ३ नोव्हेंबर

खोली मिळाली — एकदाची! शाळेची जुनी खेळाच्या सामानाची खोली. कोपऱ्यात अजून एक फाटकी जाळी आणि हवा गेलेले बॉल पडलेत. शिपाईमामा म्हणाले, "राहू द्या, पुढच्या आठवड्यात हलवतो." म्हणजे वर्षभर राहणार. दोन खुर्च्या, एक टेबल, दाराला धुरकट काच. बाहेर व्हरांड्यात लांब बाक.

संस्थेने मला या शाळेत वर्षभरासाठी पाठवलंय. समाजसेविका — म्हणजे मोठ्या वर्गांतल्या मुलामुलींच्या मनात काय चाललंय ते ऐकायचं, जमेल तेवढा हात द्यायचा, आणि गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. सासूबाई म्हणाल्या, "नुसतं ऐकायचं? आणि त्याचा पगार देतात?" लहानपणी आई मला चोंबडी म्हणायची. कुणाच्याही बोलण्यात नाक खुपसायचे म्हणून. आता त्याच नाकाचा पगार मिळतो.

दारावर पाटी लावली, माझ्या हाताने लिहिलेली. एका वेळी एकानेच आत यावे. सोबत आलेल्यांनी बाहेर थांबावे. आत बोललेले आतच राहील. आमच्या कामातला पहिला धडा आहे हा — मूल एकटं असल्याशिवाय खरं बोलत नाही. पाटी जरा तिरकी लागलीय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कोणीही फिरकलं नाही. मामांकडून बॉलमध्ये हवा भरून घेतली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज खातं उघडलं!

दारात दोघी. पुढे एक सडपातळ, नीटनेटकी, सोळा-सतरा वर्षांची. मागे तिची मैत्रीण, जाड वेणी, जांभया देतेय. पुढचीच बोलली, घडाघडा. "मॅडम, हिला झोप लागत नाही. पडून राहते, पण डोकं बंदच होत नाही. आणि सकाळ झाली की वाटतं, परत सगळं पहिल्यापासून करायचं." मी बघतच राहिले. मोठ्या माणसांनासुद्धा स्वतःचं इतकं धड सांगता येत नाही, ही दुसरीचं सांगत होती. म्हटलं, "तू वकील शोभशील." ती हसली. मग तिला पाटी दाखवली आणि बाहेर बाकावर बसवलं.

आत वेणीवाली म्हणाली, "झोप? मी तर गणिताच्या तासालाही झोपते." बरंच खोदून पाहिलं. काही हाती लागलं नाही. तरी झोपेसाठी काय करावं ते सगळं समजावून सांगितलं. फोन लांब ठेव, डोक्यात येईल ते कागदावर उतरव, वगैरे. इतकं ठासून नाही म्हणतेय म्हणजे काहीतरी असणारच. लपवतेय. बघू.

काचेतून बाकावरची सावली दिसत होती. सगळा वेळ ताठ बसलेली. फोनसुद्धा बघत नव्हती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वकीलबाई पुन्हा आल्या — नाव पडलंच ते. आज नवं अशील, चष्मेवाली. "मॅडम, हिला रडू येत नाही. घशाशी येतं आणि तिथेच अडकतं. कुणी म्हणालं ना, किती समजूतदार आहेस, की अजूनच अडकतं." चष्मेवाली तिच्याकडे 'मी?' अशा नजरेने बघत होती.

वकीलबाई बाहेर, चष्मेवाली आत. म्हणाली, परवाच सिनेमा बघून ढसाढसा रडले. मग आलीस कशाला? "ती म्हणाली, चल. म्हणाली, एकदा जाऊन तर बघ." आणि मग निघता निघता, "बाहेर गेलं की ती सगळं विचारते हां. तुम्ही काय सांगितलंत, कसं सांगितलंत. वेणीवालीकडून तर झोपेचं दोनदा वदवून घेतलं."

मला रागच आला. वकीलबाईंना बाजूला घेतलं. मैत्रिणींची काळजी करतेस ते चांगलं, पण आतलं असं विचारायचं नाही. तिने लगेच मान खाली घातली. "सॉरी मॅडम. परत नाही विचारणार." फार पटकन म्हणाली. तेवढ्याने माझाच राग ओशाळला.

न राहवून शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाईंना विचारलं, कशी आहे हो ही? "ती? तिची काय काळजी! धाकटा भाऊ सारखा आजारी, आईवडील त्याच्यामागे, घरातलं सगळं हीच बघते. वर वर्गातल्या दहा जणींना सांभाळते. गुणी बाळ."

एवढ्या सगळ्या मैत्रिणींच्या मनातलं हिला कळतं कसं? मला शिकून शिकून कळत नाही!

बुधवार, १९ नोव्हेंबर

तिसरं अशील. ही हसरी, सारखे दात दिसतात. वकीलबाई मात्र आज उंबऱ्यात अडखळल्या. आधी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हिला वाटतं की आपण नसलो तरी घरात कुणाला कळणार नाही. एक ताट कमी वाढायचं, एवढंच."

हे ऐकल्यावर बाकी सगळं बाजूला. असं काही कानावर आलं की आडवळणाने जायचं नसतं, सरळ विचारायचं असतं. विचारल्याने मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे आमच्याकडून घोकून घेतलेलं. वकीलबाईंना घाईघाईने बाहेर घालवलं, दार लावलं, हसरीला समोर बसवलं आणि विचारलं, "मरून जावंसं वाटतं का तुला?"

दात दिसायचे बंद झाले. "मला? नाही हो! तुम्हाला कुणी सांगितलं असं?"

दाराबाहेर आहे तिनेच, असं ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. पण हसरीला कळायचं ते कळलं. जाताना व्हरांड्यात दोघींची खडाजंगी झाली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हसरीची आई सकाळीच हजर, मुख्याध्यापकांच्या खोलीत. "माझ्या पोरीच्या डोक्यात असलं कुणी घातलं? हसतंखेळतं लेकरू माझं!" मी समजावलं. असा प्रश्न का विचारतात, त्याने काय होतं, काय होत नाही. त्या थोड्या शांतावल्या, सर नाही. "बघू," म्हणाले, "खोलीचं काय करायचं ते." सरांचं 'बघू' मी एव्हाना ओळखायला लागलेय.

वकीलबाई जिन्यात समोरून आल्या. मला बघून उलट्या पावली वर गेल्या.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बाक रिकामा.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी सासूबाई शेजारच्या वहिनींच्या सोबतीला म्हणून डॉक्टरांकडे गेल्या. दुखणं वहिनींचं, गुडघा. परत आल्या त्या गोळ्यांची पुडी घेऊन — स्वतःच्या. नवरा म्हणाला, "आई, गुडघा वहिनींचा ना?"

झालं असं की डॉक्टर वहिनींचा गुडघा दाबून बघत होते, आणि सासूबाई बाजूच्या खुर्चीवरून अगदी सहज म्हणाल्या, "आणि डॉक्टर, एखादीला उठताना चक्कर येत असेल तर?" डॉक्टर म्हणाले, "एखादीने जरा हात पुढे करावा." ब्लडप्रेशर चांगलंच वाढलेलं! मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? तर मलाच झापलं. "स्वतःसाठी कोण दवाखान्याच्या पायऱ्या चढतं? वहिनींना सोबत हवी होती म्हणून गेले."

पोट धरून हसलो सगळे. मीही हसले. मग भाजी चिरता चिरता माझा हात थांबला.

झोप लागत नाही. रडू घशात अडकतं. आपण नसलो तरी कळणार नाही. वेणीवाली, चष्मेवाली, हसरी — तिघीही नाही म्हणाल्या, आणि तिघीही खरं बोलत होत्या. सांगणारी एकच होती. उंबऱ्यात उभी राहून, मिळेल तेवढ्या वेळात, जमेल तेवढं सांगत होती. आणि मी दर वेळी तिला पाटी दाखवून बाहेर बसवत होते. आत जे मिळायचं ते ती मैत्रिणींच्या तोंडून गोळा करायची, तर त्यावरूनही मीच तिला बोलले. डॉक्टरांनी आज सासूबाईंना बाहेर बसवलं असतं तर?

भाजी तशीच टाकली. आमच्या संस्थेतल्या मोठ्या मॅडमना फोन लावला. हे सगळं मी गोष्ट सांगावी तसं रंगवून सांगायला लागले, तेवढ्यात म्हणाल्या, "शोधाचं कौतुक नंतर करू. आधी तिला गाठ. आज."

गणिताच्या बाईंकडून घरचा नंबर मिळवला. तिनेच उचलला. मागे भावाचा खोकला ऐकू येत होता. म्हटलं, "तू सांगितलंस ना, एकीला वाटतं की आपण नसलो तरी घरात कळणार नाही. मी चुकीच्या मुलीला विचारलं बहुतेक. तिला जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?"

खोकला लांब गेला, दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नाही मॅडम. करावंसं नाही वाटत. नुसतं वाटतं, आपण नसावं."

"कधी करावंसं वाटलं तर मला फोन करेल ती? कुठल्याही वेळी?"

"सांगते तिला."

"आणि रोज सकाळी शाळेच्या फाटकात मला सांगशील, ती कशी आहे ते?"

"बरं."

माझा नंबर तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाईंना वाटलं, त्यांच्या ब्लडप्रेशरसाठी. खूश झाल्या.

सोमवार, २४ नोव्हेंबर

फाटकात. "कशी आहे ती?" "ठीक."

पाटी उतरवली. मामा म्हणाले, "आत्ता कुठे सरळ केली होती हो." नवी लिहिली. एकट्याने या, नाहीतर सोबतीने या. सोबत आलेल्यांनाही खुर्ची आहे. तिसरी खुर्ची मामांनी कुठून आणली विचारलं नाही.

सरांना भेटले. म्हटलं, एका मुलीसाठी ही खोली राहायला हवी. "कोण मुलगी?" सांगता येणार नाही. आणि घरच्यांना सांगायची वेळ आली तर तेही मीच सांगेन, तिला आधी विचारून. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बघू," म्हणाले. पण आजचं 'बघू' जरा वेगळं वाटलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

"ठीक."

मला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. एकही विचारली नाही. माझ्या आईला हे दाखवायला हवं होतं!

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज 'ठीक' म्हणाली नाही. सायकलचं हँडल धरून उभी राहिली. "सोबत आलेल्यांनाही खुर्ची आहे म्हणे."

"आहे."

"मग बाहेर कोण बसणार?"

"कोणी नाही."

"आणि मॅडम, समजा सोबत आलेलीलाच काही होत असलं तर? मग जिला आणलंय तिने काय करायचं?"

म्हटलं, "तिने जावं घरी. तिला गणिताच्या तासाला झोप येते तेवढंच तिचं दुखणं." फिसकन हसली. नंतर हसल्याचं वाईट वाटल्यासारखी हँडलकडे बघायला लागली. घंटा झाली, गेली. मी तिथेच उभी. काय चाललं असेल त्या डोक्यात? हे माझं नेहमीचं कुतूहल नाही. यात भीतीही आहे.

सोमवार, १ डिसेंबर

"ठीक." पण डोळे सुजलेले. फोनची आठवण करून दिली. "पाठ आहे," म्हणाली.

संस्थेच्या मानसोपचार डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, ती म्हणेल तेव्हा बघतील. मोठ्या मॅडम म्हणतात, ओढू नकोस आणि सोडूही नकोस. दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यांनाही सांगता येत नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

फाटकात दिसली नाही. जिना कसा चढले मला माहीत नाही. वर्गात होती, मागच्या बाकावर, उशिरा आलेली. जीव भांड्यात पडला. खिडकीतून माझ्याकडे बघून मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

शाळा सुटल्यावर आली. मैत्रिणी बसायच्या त्या खुर्चीत बसली. म्हणाली, "तिच्याबद्दल बोलायचंय. ती बाहेर थांबलीय."

मी उठून दार उघडलं. बाकावर कोणीच नव्हतं. व्हरांडा पार टोकापर्यंत रिकामा.

"तिला आत बोलावू?" मी विचारलं.

तिने रिकाम्या बाकाकडे बघितलं. "आलीय ती," म्हणाली. मग म्हणाली, "मी आलेय."

मी दार लावून घेतलं.